विचारत होती म्हणून सांगजो

वर्गात मला राग येतो तो दोनच गोष्टींचा. खिडकीबाहेर बघत "येस मॅडम" म्हणणाऱ्यांचा, आणि मोबाइलच्या डिक्शनरीचा. त्या दिवशी दोन्ही एकदमच घडलं. केशोरीच्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवते. फळ्यावर जोडक्रियापदांची रांग लिहिली होती आणि आम्ही 'आस्क आफ्टर'पाशी पोचलो होतो. पोरांनी झटकन अर्थ काढला, आस्क म्हणजे विचारणे, आफ्टर म्हणजे नंतर, तर 'नंतर विचारणे'. म्हटलं, शाब्बास! परीक्षेत असंच लिहा, मीही गुण नंतरच देईन.

मग समजावून सांगितलं. समोर नसलेल्या माणसाची तिसऱ्याजवळ चौकशी करायची, कशी आहे, बरी आहे ना, पाय दुखायचा राहिला का, याला इंग्रजीत आस्क आफ्टर म्हणतात. म्हणजे आपली विचारपूस. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका हुशार पोरीनं डिजिटल बोर्डावर डिक्शनरी उघडून ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, इथं तर लिहून हाय, जुन्या वळणाचा प्रयोग. आता कोनी वापरत नाई म्हन. मंग कायले शिकायचा?"

जुन्या वळणाचा! मला इतकं लागलं की जणू माझ्याच वयावर कोणी बोट ठेवलं. चोपन्न काही फार नाही. म्हटलं, त्या डिक्शनरीवाल्याला म्हणावं, एकदा संध्याकाळच्या अर्जुनीच्या बसमध्ये येऊन बस. मग बघू कोण वापरत नाही ते. आणि रागाच्या भरात गृहपाठ दिला, प्रत्येकानं आपापल्या घरातलं एक खरं वाक्य लिहून आणायचं. घरात कोण कोणाला विचारतं ते. पुस्तकातलं उतरवलेलं चालणार नाही.

बसचं मी उगाच बोलले नाही. मी राहते अर्जुनीला, शाळा केशोरीला, आणि एकोणीस वर्षं या दोहोंच्या मध्ये मी बसने हेलपाटे घालते आहे. माझं माहेर आमगावचं, कॉलेज गोंदियाचं, दोन्हीकडे हिंदीचाच वावर, त्यामुळे भांडायचं असेल तर मी हिंदीत भांडते. पण या एकोणीस वर्षांत कंडक्टरपासून थांब्यावरच्या भजीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत झालं की ही बाई रोज जाते आणि रोज येते. मग काय! "मॅडम, आमच्या मोठ्या बाईले विचारत होती म्हनून सांगजा." "मॅडम, तिकडं आमचा साळा हाय, त्याचा हात बसला का पाहजा." पाहजा म्हणे! मी काय अस्थिरोग तज्ज्ञ आहे?

घरोघरी फोन आहेत, तरी हे चालतं. मी एकदा वैतागून एका आजीबाईंना म्हटलं, अहो, फोन लावा ना त्यांना, मी नंबर लावून देते. त्या माझ्याकडे दया आल्यासारखं बघत म्हणाल्या, "फोनवर तर कोनीबी बोलते वो बाई. मानसाच्या हातून विचारलं तर ते पोचते." आणि माझ्या हातात चार सीताफळं ठेवली.

ही सीताफळं महत्त्वाची. आमच्याकडे विचारपूस रिकाम्या हाताने धाडत नाहीत. ज्याच्या तोंडून निरोप जायचा, त्याच्या हातावर आधी काहीतरी पडायला हवं. घोटभर चहा, मूठभर लाखोळीच्या शेंगा, काहीच नसेल तर गुळाचा खडा. दुसरा नियम असा की पोचवल्यावर उत्तर आणावंच लागतं. "बरी हाय म्हने, तुमालेबी विचारलं," एवढं परत येऊन सांगितल्याशिवाय तुमची सुटका नाही. मी पदराला गाठी मारून ठेवते, एका निरोपाची एक गाठ. शनिवारी माझा पदर पाहिलात तर वाटेल या बाईनं एवढे नवस कशाचे बोलले असतील!

तर एवढ्या सगळ्या गावाच्या विचारपुशी मी वाहून नेत होते, आणि माझ्या स्वतःच्या घरातली एक विचारपूस आठ वर्षं अडकून पडली होती.

माझ्या सासूबाई आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मी त्यांना आई म्हणते. त्यांची एक मितानीण आहे, केशोरीला. मितानाची रीत आमच्या या पूर्वेकडच्या गावांत छत्तीसगडाकडून आलेली. दोन जिवाभावाच्या मैत्रिणींनी चारचौघांसमोर नारळ अदलाबदल करायचे, एकमेकींच्या केसांत फूल खोवायचं, की त्या मितानिणी झाल्या. त्या दिवसापासून एकमेकींचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, 'मितानीन' म्हणायचं. रक्ताच्या नात्यात कमीजास्त होतं, यात होत नाही, असं मानतात. या दोघींनी बारा-तेरा वर्षांच्या असताना गावच्या तलावाच्या पाळीवर बसून नारळ बदलले. नंतर एक अर्जुनीला दिली, एक केशोरीला. पन्नासहून जास्त वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग माझ्या मुलीचं लग्न आलं आणि भात शिजला.

आमचा जिल्हा धानाचा. इथं माणसाला काहीही बोला, त्याच्या भाताला बोलू नका. आईंनी नातीच्या लग्नासाठी आमच्या बांधीतला चिन्नोर दोन वर्षं जपून ठेवला होता. शिजला की तीन घरांपर्यंत वास जातो असा तांदूळ! पण पंगती वाढल्या, आचाऱ्याची धांदल उडाली आणि त्यानं दुसऱ्या हंड्यात दुकानातून आणलेला जाडा तांदूळ ओतला. नेमका त्या हंड्यातला भात मितानिणीच्या पानात पडला. तिनं पहिला घास घेतला, चावला आणि भर पंगतीत, तिच्या त्या बांधावरून हाक मारायच्या आवाजात विचारलं, "काऊन वो मितानीन, हा घरचा हाय का रेशनचा?"

पंगत हसली. आई नाही हसल्या. "ज्या जिभेनं माह्या भाताले रेशनचा म्हनलं, त्या जिभेचा शबद मी पुन्हा कानावर घेनार नाई," म्हणाल्या. ती म्हणाली, "नोको घेऊ." पानातला सगळा भात मात्र तिनं संपवला, अन्न टाकायची आमच्याकडे पद्धत नाही. हात धुतले आणि निरोप न घेता गेली. आठ दिवसांत आचाऱ्यानं कबूल केलं की तांदूळ त्यानंच बदलला होता. म्हणजे मितानीण खरं बोलली होती. पण खरं बोललेल्या माणसाला माफ करणं जास्तच जड जातं, आणि आई तर तालुक्यात एक नंबरच्या हट्टी. मितानीण दोन नंबरची असेल तर शपथ.

त्या घरचं नाव घरात निघेनासं झालं. मी केशोरीहून मिरच्या आणल्या की आई विचारायच्या, "कोनाच्या वावरातल्या?" मी मुद्दाम सांगायची, मितानिणीच्या. "मंग मले नोको," असं म्हणून त्या ठेचा वाढून घ्यायच्या आणि वर पुन्हा मागायच्या. अलीकडे मात्र गेल्या पावसाळ्यात त्या अंगणात घसरल्या, काठी हातात आली, आणि ओसरीच्या तीन पायऱ्यासुद्धा माझा हात धरल्याशिवाय उतरेनाशा झाल्या. दुपारी तोंडातल्या तोंडात कोणाशी तरी बोलत बसायच्या. मला कळायचं कोणाशी ते. या दोघींपैकी एक अशीच अबोल्यातच गेली तर, ही भीती माझ्या मनात घर करून बसली होती.

गृहपाठाच्या वह्या आल्या. काय सांगू, पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकी मजा कधी आली नव्हती! स्पेलिंगांची दाणादाण, पण एकेक वाक्य बावनकशी. एकानं लिहिलं, माझे बाबा गावाला गेले की फोनवर आधी म्हशीला आस्क आफ्टर करतात, मग आईला. एकीनं लिहिलं, निवडणूक आली की सरपंच आमच्या आजोबांच्या गुडघ्याला आस्क आफ्टर करतो. नागझिऱ्याकडे मामाचं गाव असलेल्या एका पोरानं लिहिलं, वाघ दर उन्हाळ्यात आमच्या बकरीला विचारायला येतो. मी लाल पेनानं शेरा दिला, 'व्याकरण बरोबर, वाघ चूक'. शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच हसत होते, विज्ञानाचे सर उठून विचारायला आले की बरं आहे ना.

आणि मग ती वही आली. पहिल्या बाकावरची तीच डिक्शनरीवाली पोरगी. ती मितानिणीची नात, हे मला माहीत होतं, पण शाळेत मी कधी ते नातं मध्ये आणलं नव्हतं. तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा मराठी अर्थ असा. "माझी आजी अर्जुनीच्या एका बाईला विचारत नाही. पण मी दुपारी शाळेतून जेवायला आली की रोज विचारते, आज मॅडम आली का? मी हो म्हणते. मग आजी म्हणते, मॅडम आली म्हणजे तिच्या घरी सगळे बरे आहेत. मग ती जेवते."

वही माझ्या हातात तशीच राहिली. हसू कुठल्या कुठे गेलं. सरळ डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

पोरीला बोलावून विचारलं. ती आधी घाबरली, तिला वाटलं वाक्य चुकलं. मग सांगू लागली. तिच्या आधी आजी तिच्या मोठ्या बहिणीला विचारायची, त्याच्या आधी शेजारच्या पोरांना. कोरोनात शाळा बंद होती तेव्हा बहिणीचे मोबाइलवर वर्ग चालायचे, तर माझा आवाज सुरू झाला की आजी येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. एक शब्द कळायचा नाही. वर्ग संपला की कामाला लागायची. "मॅडम, तुम्ही सुट्टीवर असल्या तर आदल्या दिवशी फळ्यावर लिहून जाता ना, ते मी घरी सांगून ठेवते. नाही तर तिले टेन्शन येते." खरं आहे, न सांगता रजा घ्यायची मला सवय नाही. पोरं मोकाट सुटतात.

आता कोणीही शहाणी बाई काय करेल? वही घेऊन घरी जाईल आणि सासूला वाचून दाखवेल. मी शहाणपणा केला. मला वाटलं, रोज विचारते म्हणजे विचारलंच की! मग थोडं सरळ करून सांगायला काय हरकत आहे? घरी पोचले, पिशवी ठेवली आणि ओसरीवर बसलेल्या आईंना म्हटलं, "आई, तुमची मितानीण भेटली होती आज. तुम्हाला विचारत होती म्हणून सांगितलं."

आईंच्या हातातलं सूप थांबलं. चेहरा असा उजळला की मला वाटलं, जिंकलं! पण ही बाई साठ वर्षं विचारपुशी घेत-देत आली होती.

"कोठी भेटली?"

"शाळेच्या फाटकाशी."

"काय म्हनली? तिचे शबद सांग."

"म्हणाली, माझी मितानीण कशी आहे, बरी आहे ना."

"तुह्या हातावर काय ठेवलं?"

एकोणीस वर्षं सीताफळं आणि शेंगा ओढून आणणारी मी, नेमकं हेच विसरले होते. म्हटलं, "घाईत होत्या."

"ती घाईत असो का घराले आग लागली असो, ती रिकाम्या हातानं विचारनार नाई." आईंनी सूप खाली ठेवलं. "खोटी विचारपूस आनली तू माह्या घरात. मास्तरीन असून!"

आणि त्या जे बोलायच्या थांबल्या ते थांबल्याच. तीन दिवस. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, माझ्या नवऱ्याच्या मार्फत मला निरोप येत होते. "तिले सांग, दूध उतू जाऊन राहिलं." मी समोर उभी! नवरा म्हणाला, "तू कायले लुडबुड केली?" म्हटलं, तुझ्या आईसाठी केली, आता तूच आस्क आफ्टर कर दोघींना. मनातून मात्र मी पार खचले होते. मितानिणीचा एकुलता एक धागा माझ्या हाती आला होता आणि मी त्याला खोट्याची गाठ मारून ठेवली. आता खरं सांगितलं तरी त्यांना खोटंच वाटणार.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती वही मी मागून घेतली आणि घरी आणली. आईंच्या समोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. माझं चुकलं. हे खरं आहे, हे तुमच्या मितानिणीच्या नातीनं लिहिलंय. मी फक्त वाचते."

"कोन्या भाषेत हाय?"

"इंग्रजीत."

"मंग आदी इंग्रजीतच वाच. त्यात तुले काही घुसवता येनार नाई."

मी इंग्रजीत वाचलं. आईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं, जणू कळतच होतं. मग मराठीत सांगितलं. 'मग ती जेवते' हे मी दोनदा वाचलं. आई काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आठ वर्सं?"

"आठ वर्षं."

"अना तू रोज जाऊन राहिली, म्हनून ती रोज जेवून राहिली."

"हो."

आईंनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि एकदम ताठ बसल्या. मला वाटलं, आता म्हणतील, चल, गाडी बोलाव, केशोरीला जाऊ. त्या म्हणाल्या, "उद्या शाळेत जाऊ नोको."

"काय?"

"जाऊ नोको म्हनलं ना. अना फोन बंद ठेवजो."

मी हसावं का रडावं! "अहो आई, तिला वाटेल तुमचं काहीतरी बरंवाईट झालं!"

"वाटू दे. आठ वर्सं चोरून विचारून राहिली ना? पाहू दे, आता कशी चोरून विचारते ते."

मी नाही म्हटलं, दोनदा म्हटलं. पण तीन दिवसांनंतर त्या माझ्याशी बोलत होत्या, आणि डोळ्यांत तेरा वर्षांच्या पोरीचा खोडकरपणा होता. मीही शेवटी माणूसच. सकाळी मुख्याध्यापकांना मेसेज धाडला, किरकोळ रजा हवी आहे. कारण काय लिहू, विचारलं, तर आई म्हणाल्या, "लिह, घरगुती कारन." आमच्या भागात न सांगता घेतलेली रजा आणि त्यावर 'घरगुती कारण', म्हणजे लोक मयतीला निघाल्यासारखे डोक्याला रुमाल बांधूनच घराबाहेर पडतात. मी कपाळाला हात लावला आणि फोन बंद केला.

त्या दिवशी आईंनी डोक्यावरून आंघोळ केली. केस विंचरून घेतले. ओसरीत खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडायला लावली. अकरा वाजले. "शाळा भरली असन." दीड वाजला. "पोरगी जेवाले घरी गेली असन. आता विचारलं असन तिनं." मग एकेक मोटारसायकल जाऊ लागली आणि प्रत्येकीला आईंची मान वळू लागली. दोन वाजले. अडीच वाजले. जेवायला बसा म्हटलं तर नको म्हणाल्या.

पावणेतीनला त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "नाई येनार ती. मी मेली तरी नाई येनार. भाताचं लागलं तिले. खरं बोलली होती ना ती, अना मीच..." मी त्यांच्या पायाशी बसले होते. मला स्वतःचाच इतका राग आला की काय सांगू. म्हातारीची थट्टा थट्टेत राहिली नाही, त्यांचा सगळा जीव त्या रस्त्यावर जाऊन बसला होता आणि रस्ता रिकामा होता.

तेवढ्यात फाटकाशी गाडी कचकन थांबली. आणि तोच आवाज! बांधावरून हाक मारायचा. "मितानीन वो! माय माही! मले न सांगता कशी गेली वो! आता मी कोनाले विचारू वो!" मुलाच्या गाडीवरून मितानीण उतरली होती, पदर रस्त्यावर लोळत होता, हातात एक पिशवी घट्ट धरलेली. समोरच्या, बाजूच्या घरांतून बाया धावत बाहेर आल्या, आमच्याकडे मयत झालं आणि आम्हाला कसं कळलं नाही म्हणून.

आई उठल्या. काठी खुर्चीपाशीच राहिली. माझा हात धरला नाही, चप्पल घातली नाही, तीन पायऱ्या कशा उतरल्या ते त्यांनाच माहीत. "अवो, हाय मी! हाय! रडू नोको वो, हाय ना मी!"

मितानीण अर्ध्या हंबरड्यात थांबली. आईंना खालून वर पाहिलं. हात लावून पाहिला. "हाय?"

"हाय."

"मंग घरगुती कारन कोनतं होतं?"

"तू," आई म्हणाल्या.

मितानिणीनं ती पिशवीच आईंच्या खांद्यावर हाणली. एकदा, दोनदा. "मले मारून टाकत होती वो तू! रस्ताभर देवाले शिव्या देत आली मी!" आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रडत होत्या का हसत होत्या सांगता येणार नाही, दोन्ही एकाच आवाजात चाललं होतं. मी मागे उभी राहून हमसून हमसून रडत होते. मितानिणीचा मुलगा गाडीवर बसून डोळे पुसत पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काय बाया हाय बाप्पा, काय बाया हाय!"

या सगळ्या धुमाकुळात पिशवी खाली पडली आणि तिच्यातून नवं कोरं लुगडं बाहेर आलं. घडीवरची दुकानाची चिठ्ठी तशीच. पोपटी रंगाचं.

ते कशाचं, हे बायांनी लगेच ओळखलं. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेराहून येतं. आईंच्या माहेरचं आता कोणी उरलेलं नाही. ते आणायचं कोणी, तर मितानिणीनं. एवढ्या रडण्यात, एवढ्या धावपळीत ती आधी दुकानात गेली होती.

आईंनी वाकून लुगडं उचललं. काठ चाचपून पाहिला. घडी उलगडून उन्हात धरली. मितानीण शरमेनं दुसरीकडे पाहू लागली.

"काऊन वो," आई म्हणाल्या, "हा रंग काऊन आनला? जनमभर मी पोपटी नेसली नाई. किती डाव नाई म्हनलं तुले."

"म्हनूनच आनला," मितानीण नाक पुसत म्हणाली. "म्हनलं, आज तरी तुले नाई म्हनता येनार नाई."

आई इतक्या हसल्या की त्यांना फाटक धरावं लागलं. अख्खी गल्ली हसली. मग त्या मितानिणीचा हात धरून पायऱ्या चढल्या आणि लुगडं घेऊन आत गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा ते नेसून आल्या होत्या. नखशिखांत पोपटी. दारात उभ्या राहून त्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, कशी दिसते म्हणून.

मितानीण गुडघ्यांवर हात टेकत त्यांच्या पुढ्यात बसली आणि निऱ्या सारख्या करू लागली. "सरळ उभी राय. हालू नोको." एकेक निरी बोटांनी दाबून बसवत, मान वर न करता ती म्हणाली, "खरोखरची जाशीन तवा दुसरं आनीन. हे फाटेपर्यंत नेस."